हूक, पिशवी आणि नळी : प्रस्तावना

साप एका जागेवरून दुसऱ्या जागी सुखरूप हलवण्यासाठी लागणारी साधने मोजकीच आहेत. लांब दांड्याचा हूक, तोंडाशी पाइप बसवलेली कापडी पिशवी, झाकणाची बरणी किंवा पेटी, पारदर्शक नळ्यांचा संच आणि क्वचित वापरायचा चिमटा. यांतली एकही वस्तू गुंतागुंतीची नाही. हॅकसॉ, व्हाइस, ड्रिल, ग्राइंडर, दोन-तीन कानशी आणि शिलाई मशीन एवढ्या सामग्रीवर ती घरी तयार होतात. महाराष्ट्रातल्या अनेक सर्पमित्रांची पहिली स्टिक घरीच किंवा ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे बनलेली असते. अवघड आहे ते वेगळेच. गज कुठे किती वाकवायचा, टोक किती पातळ ठेवायचे, पिशवीची शिवण कोणत्या बाजूला घ्यायची हे ठरवताना माप सापाच्या शरीराचे घ्यावे लागते आणि नेमके तेच बहुतेक वेळा राहून जाते.

सापाच्या पाठीच्या कण्यात दोनशे-तीनशे मणके असतात आणि शेपटी सोडली तर जवळजवळ प्रत्येक मणक्याला फासळ्यांची जोडी असते. माणसाच्या फासळ्या पुढे छातीच्या हाडाला जोडलेल्या असतात. सापाला छातीचे हाड नसते, त्यामुळे फासळ्यांची पुढची टोके मोकळी राहतात. भक्ष्य गिळताना अंग फुगू शकते ते यामुळेच. पण हेच अंग बाहेरून दाबले की फासळ्या सहज मोडतात आणि त्यांच्या आत लांबट पसरलेले हृदय, फुप्फुस, यकृत यांना थेट इजा होते. ही इजा वरून दिसत नाही. जंगलात सोडलेला साप सरपटत निघून जातो, पाहणाऱ्याला तो वाचला असे वाटते आणि काही दिवसांनी तो कुठल्या तरी बिळात मरतो. शिवाय ज्या सापाला वेदना होते तो उलटून चावतो. त्यामुळे सापाला न दुखवणारे साधन आणि माणसाला वाचवणारे साधन ही दोन वेगळी उद्दिष्टे राहत नाहीत. या पुस्तकातले प्रत्येक माप आणि प्रत्येक सूचना या एका गोष्टीवर उभी आहे.

साप धरण्याची भारतीय परंपरा साधनांच्या बाबतीत गरीब आणि हातांच्या बाबतीत अत्यंत श्रीमंत होती. गारुड्याजवळ टोपली, कापड आणि काठी एवढेच असे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीसाठी जिवंत नाग पकडून आणण्याची प्रथा पिढ्यानपिढ्या चालत आली आणि पुढे न्यायालयाच्या आदेशानंतर ती बंद झाली. तिथे नाग ठेवले जात मातीच्या मडक्यांत. तमिळनाडूतल्या इरुला समाजाचे लोक पहारीने बीळ उकरून साप काढतात आणि त्यांच्या सहकारी संस्थेतही साप मडक्यांतच ठेवले जातात, तोंडावर कापड बांधून. मडके हे साप ठेवण्याचे जुन्या काळातले उत्तम साधन म्हणावे लागेल. आत अंधार, भिंती गुळगुळीत, तापमान बाहेरच्यापेक्षा थंड आणि कापडातून हवा खेळती. आजची बरणी यातल्या निम्म्या गोष्टीही देत नाही.

इंग्रजी राजवटीने या क्षेत्रात आणले ते बक्षीस. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला सरकारी पैसे मिळत आणि त्या काळात साप हाताळणे याचा अर्थ तो मारणे एवढाच होता. साप जिवंत हवा ही गरज प्रतिविषाने निर्माण केली. मुंबईच्या हाफकिन संस्थेत प्रतिविषासाठी विष काढायचे तर निरोगी साप नियमितपणे लागत. तिथेच काम केलेल्या डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये काढले आणि सामान्य वाचकापर्यंत सापांची शास्त्रीय ओळख पोहोचवणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुढे रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासमध्ये सर्पोद्यान उभे केले आणि १९७८ मध्ये इरुलांची सहकारी संस्था नोंदवली गेली. कातड्यासाठी साप मारण्याचा व्यवसाय कायद्याने बंद झाल्यावर उपाशी पडलेल्या समाजाला विषसंकलनाचे काम मिळाले. साप काही आठवडे ठेवायचा, ठराविक अंतराने विष काढायचे आणि साप परत सोडायचा, अशी ही पद्धत आहे. याच समाजातील वडिवेल गोपाल आणि मासी सदायन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. परदेशी तज्ज्ञही त्यांच्याकडून साप शोधणे शिकले आहेत, ही बाब साधनांविषयीच्या पुस्तकात मुद्दाम नोंदवायला हवी. साधन हे त्या कौशल्याची जागा घेत नाही.

महाराष्ट्रात सर्पमित्र ही संकल्पना रुजली ती १९८० नंतर. त्या वर्षी पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास बंदिस्त जागेत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे लोकांना दाखवणे हा त्यामागचा हेतू होता. १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान सुरू झाले. गावोगावी तरुणांचे गट उभे राहिले, ‘साप मारू नका, आम्हाला बोलवा’ हे सांगू लागले आणि हजारो साप वाचले. या चळवळीचे श्रेय मोठे आहे. तिची उणीवही तितकीच स्पष्ट आहे. प्रशिक्षणाची आणि साधनांची शिस्त तिच्यासोबत त्याच वेगाने वाढली नाही. शेपटी धरून साप उचलणे, डोके चिमटीत पकडून जमलेल्या गर्दीला दाखवणे, गळ्यात साप घालून फोटो काढणे हे शौर्य समजले गेले आणि या प्रकारांत अनेक तरुणांनी जीव गमावला.

पश्चिमेकडे वाट थोडी वेगळी होती. अमेरिकेत रॅटलस्नेक शोधणाऱ्या अभ्यासकांनी आणि हौशी मंडळींनी हूकला आजचे रूप दिले. गोल्फच्या जुन्या काठीचे डोके काढून तिथे वाकवलेला गज बसवण्याची युक्ती तिथे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. घरच्या कार्यशाळेतली ही परंपरा बाजारातल्या हूकपेक्षा जुनी आहे. पुढे दांड्याच्या टोकाला उघडमीट होणारे जबडे आणि मुठीत लिव्हर असलेले चिमटे आले. पिलस्ट्रॉम या नावाचे चिमटे इतके पसरले की अनेक वर्षे तेच नाव त्या साधनाची ओळख होऊन बसले. याच देशात हाताने साप धरण्याची किंमतही मोजली गेली. शिकागोच्या फील्ड म्युझियममधले नामवंत सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट यांना १९५७ मध्ये एका लहान बूमस्लँगने अंगठ्याला चावा घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या दशकांत प्राणिसंग्रहालयांनी विषारी सापाला हात न लावता तपासण्याचे मार्ग शोधले. पारदर्शक नळीत सापाचे डोके आणि पुढचा भाग अडकवून ठेवण्याची पद्धत त्यातून रूढ झाली.

आज जगभर साप हाताळण्याच्या ज्या पद्धती दिसतात त्यांचे ढोबळमानाने चार प्रवाह करता येतात. पहिला हाताचा. बिनविषारी आणि शांत सापांपुरता तो योग्य आहे, त्यापलीकडे त्याचे समर्थन करता येत नाही. दुसरा हूकचा. यात सापाला पकडायचे नसते, तर उचलून आधार द्यायचा असतो. साप हूकवर लटकतो आणि त्याचे वजन त्याच्याच अंगाने तोललेले राहते. तिसरा चिमट्याचा. कीटकनियंत्रण कंपन्या, अग्निशमन दल आणि नवशिके यांना तो आवडतो, कारण साप ‘हातात आला’ याची खात्री त्यात वाटते. सापाच्या फासळ्या मोडतात त्या बहुतांशी याच प्रवाहात. चौथा प्रवाह पात्राचा. सापाला उचलायचे नाही, पकडायचेही नाही. त्याला अंधारी, अरुंद, सुरक्षित वाटणारी जागा पुढ्यात ठेवायची आणि आपणहून आत जाऊ द्यायचे. पाइप आणि पिशवीची पद्धत ती हीच. केरळच्या वन विभागाने २०२० मध्ये साप पकडणाऱ्यांसाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र सक्तीचे करून ‘सर्प’ नावाचे ॲप काढले, तेव्हा प्रशिक्षणाचा भर याच पद्धतीवर ठेवला.

प्रस्तुत पुस्तक उघडपणे दुसऱ्या आणि चौथ्या प्रवाहाच्या बाजूने आहे. चिमटा त्याने वगळलेला नाही. अडगळीतून, गाडीच्या इंजिनमधून, विहिरीच्या कपारीतून साप काढताना हूक पोहोचत नाही अशा जागा असतात. पण पहिले साधन म्हणून चिमटा विकत घेणे ही आजची सर्वात सार्वत्रिक चूक आहे.

हूक जवळून पाहिला म्हणजे घरी साधन बनवण्याचे महत्त्व कळते. वरवर पाहता तो म्हणजे वाकवलेला गज आणि दांडा. आठ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस गजाचा हूक पोसलेल्या धामणीला चालतो. तोच हूक हातभर लांबीच्या फुरशाखाली घालायला गेले तर आत शिरत नाही, सापाला ढकलत राहतो आणि फुरसे अंगावर अंग घासत करवतीसारखा आवाज करत उलट फिरते. फुरशासाठी चार मिलिमीटरचा गज आणि उथळ, अरुंद वळण लागते. घोणस जाड आणि जड असते, तिला रुंद आधार हवा. नाहीतर सगळे वजन एका बिंदूवर येते आणि दुखावलेली घोणस हूकवरून अंग झोकून देते. मण्यार चकचकीत अंगाची, झटके देणारी आणि हूकवर न टिकणारी. तिला उचलण्याच्या फंदात न पडता जमिनीवरूनच पात्रात वळवणे उत्तम. कोकणातला आणि सह्याद्रीतला चापडा शेपटीने फांदीला पीळ घालून बसतो. तिथे ओढून उपयोग नसतो, शेपटी सैल होईपर्यंत हूकने आधार धरून थांबावे लागते. अजगराला एक हूक पुरत नाही, दोन लागतात आणि दोन माणसेही. बाजारातला एक ‘स्टँडर्ड’ हूक या सर्वांना कसा पुरावा? तो बहुधा दुसऱ्याच देशातल्या सापांच्या मापाने बनलेला असतो. ज्या तालुक्यात काम करायचे तिथले साप पाहून तीन वेगवेगळे हूक घरी करता येतात, खर्चही फार येत नाही आणि ते कामाला योग्य ठरतात.

वळणाइतकेच टोक महत्त्वाचे. साप बहुधा सापडतो तो घरात, म्हणजे गुळगुळीत फरशीवर. गजाचे टोक गोल सोडले तर फरशी आणि सापाचे पोट यांच्यामध्ये ते शिरत नाही. म्हणून शेवटचे तीन-चार सेंटिमीटर ग्राइंडरवर चपटे करून पुढे निमुळते करायचे, मग कानस आणि शेवटी पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायचे. घासून झाल्यावर हाताला गुळगुळीत लागते म्हणून काम संपले असे समजू नये. कापसाचा बोळा हलक्या हाताने सगळ्या कडांवरून फिरवावा. जिथे एक तंतू जरी अडकला तिथे बर (धातूचा बारीक काटा) शिल्लक आहे आणि तिथेच सापाचा खवला उचकटेल. टोक पातळ हवे, पण धारदार नको. या दोन गोष्टींच्या मधली जागा हातानेच कळते आणि पहिल्या प्रयत्नात ती सहसा साधत नाही.

हूक मोडतो तो वळणावर नव्हे, सांध्यावर. गज दांड्याच्या पाइपमध्ये नुसत्या एपॉक्सीने चिकटवला तर उन्हात ठेवलेल्या गाडीत तो सांधा मऊ पडतो आणि ऐन वेळी गज गोल फिरतो. पाइप आणि गज दोन्हींतून आरपार भोक पाडून पिन ठोकणे किंवा रिव्हेट मारणे हा साधा उपाय आहे. दांड्यासाठी ॲल्युमिनियमचा पाइप हलका पडतो आणि गंजत नाही. लाकूड हाताला सुखद असले तरी ते ओल आणि घाण शोषून घेते आणि एका सापाकडून दुसऱ्याकडे माइट किंवा बुरशी नेण्याचे काम करते. लांबीचा हिशेब सापाच्या झेपेवर करायचा. साप आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत झेप घेऊ शकतो असे धरून त्यावर भरपूर मोकळीक ठेवली की एक मीटरच्या आसपासचा दांडा बहुतेक कामांना पुरतो. फार लांब दांडाही घातक, कारण टोकावरचे वजन हाताला पेलत नाही आणि साप पडतो. तयार हूकला जिवंत सापाजवळ नेण्याआधी पाच किलोची पिशवी टांगून हलवून पाहावी.

पिशवीकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते आणि अपघात सर्वाधिक होतात ते सापाला आत घालताना. जोसेफ स्लोविन्स्की हे अमेरिकेतले जाणते सर्पतज्ज्ञ होते. २००१ च्या सप्टेंबरमध्ये म्यानमारच्या उत्तर भागात त्यांच्यासमोर एक पिशवी आली. आतला साप मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी कवड्या साप आहे अशा समजुतीत त्यांनी हात घातला. तो मण्यारीच्या जातीचा होता. दुर्गम भागात मदत पोहोचेपर्यंत त्यांचा मृत्यू झाला. पिशवीवर आत काय आहे याची पक्की चिठ्ठी असणे आणि पिशवीत हात कधीच न घालणे हे दोन नियम यातून निघतात. तिसरा नियम शिवणाऱ्यासाठी आहे : पिशवी अशी असावी की तिच्यात हात घालण्याची वेळच येऊ नये.

त्यासाठी लांबी भरपूर हवी. मीटरभर खोल पिशवीत साप तळाशी असताना वरचा अर्धा भाग पिळून बांधता येतो. घट्ट विणीचा, न धुतलेला नवा मांजरपाट चालतो, पण आधी भिजवून वाळवावा, नाहीतर तो आटतो आणि खळीचा वास राहतो. तळाचे कोपरे चौकोनी शिवले तर साप नेमका कोपऱ्यात डोके खुपसतो आणि कोपरा धरून पिशवी उलटी करणाऱ्याचा हात त्याच्या तोंडाशी येतो. म्हणून कोपऱ्यांवर आतून तिरकी शिवण घालून ते बंद करायचे. बाहेर उरलेला त्रिकोण धरायला सुरक्षित मिळतो. शिवणीचे सुटे धागे आत राहिले तर सापाच्या दातांत आणि खवल्यांत अडकतात. दुहेरी शिवण घालून कच्च्या कडा पूर्ण झाकणे हा त्यावरचा उपाय आणि ही शिवण कुठलाही चांगला शिंपी ओळखतो. तोंडाशी बसवायचा पीव्हीसी पाइप सापाच्या जाडीपेक्षा थोडाच मोठा हवा. तीन-चार इंची पाइप नाग आणि धामण दोघांना पुरतो. पाइपची कड आतून-बाहेरून गोल घासलेली असावी. पिशवी गडद रंगाची असली तर पाइपच्या टोकाला अंधार दिसतो आणि भिंतीच्या कडेने निघालेला साप, मागून हूकचा नुसता स्पर्श होताच, आत शिरतो. हे पाहिलेल्या माणसाला मग डोके धरून साप ‘काबूत’ आणण्याची घाई राहत नाही. बांधलेली पिशवी नेहमी गाठीच्या वरून धरायची आणि पायापासून दूर. घोणशीचे दात कापडातून आरपार जातात.

बरणी महाराष्ट्रात फार लोकप्रिय आहे. स्वस्त, पारदर्शक आणि हाताशी मिळणारी. तिला भोके पाडताना तापवलेला खिळा वापरतात तेव्हा आतल्या बाजूला वितळलेल्या प्लास्टिकचा टोकदार काठ तयार होतो. सुटकेसाठी साप तिथेच नाक घासत राहतो आणि थोड्या वेळात नाक रक्तबंबाळ होते. ड्रिलने बारीक भोके पाडून आतला काठ साफ करणे हे पाच मिनिटांचे काम. बरणी नेहमी कापडी पिशवीत ठेवून न्यावी, अंधारात साप शांत राहतो.

चिमट्याचा प्रश्न शक्तीचा आहे. सायकलचा ब्रेक लिव्हर, ब्रेक वायर आणि ॲल्युमिनियमचे जबडे जोडून तो घरी बनतो आणि अनेकांनी बनवलाही आहे. ब्रेकचा लिव्हर बोटांचे बळ वाढवण्यासाठीच असतो. घाबरलेला माणूस मूठ पूर्ण ताकदीने आवळतो आणि ती ताकद कितीतरी पटींनी वाढून जबड्यांच्या अरुंद पट्टीतून सापाच्या दोन-तीन फासळ्यांवर येते. यावर तीन गोष्टी एकदमच कराव्या लागतात. जबडे रुंद करून त्यांना जाड रबर लावायचे. ते पूर्ण मिटणारच नाहीत असा अडथळा बसवायचा. आणि वायरच्या मार्गात एक स्प्रिंग घालायची, म्हणजे ठराविक जोरानंतर मूठ कितीही आवळली तरी वाढीव ओढ स्प्रिंग गिळते. चाचणीसाठी चांगले पिकलेले केळे जबड्यात धरून मूठ आवळावी. सोलल्यावर आतला गर दबलेला दिसला तर तो चिमटा सापासाठी वापरू नये.

पारदर्शक नळ्या हा पशुवैद्यांचा आणि संशोधकांचा प्रांत आहे. नळीचा व्यास सापाच्या जाडीपेक्षा किंचितच जास्त ठेवायचा, इतका की आत गेलेल्या सापाला उलट वळता येऊ नये. रुंद नळीत साप वळतो आणि धरणाऱ्या हाताकडे परत येतो. म्हणून एक नळी पुरत नाही, वाढत्या व्यासांचा संच लागतो. ॲक्रिलिकच्या कापलेल्या कडा काचेसारख्या असतात, त्या घासून मग आचेने हलकेच मऊ कराव्या लागतात. जखम शिवण्यासाठी नळीला लांबट खाचा पाडण्याची पद्धतही आहे.

साप सोडून इतर सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी पुस्तकात थोडेच आहे आणि ते योग्यच आहे. पाली आणि सरडे यांच्या अभ्यासासाठी गळाच्या काठीला बारीक दोऱ्याचा फास लावण्याची जुनी पद्धत आहे. परवानगी असलेल्या संशोधकापुरती ती उपयुक्त आहे. घोरपडीला जाड कापड आणि पेटी पुरते. मगरीचे काम मात्र घरगुती साधनांचे नव्हे. चिपळूणच्या वाशिष्ठीत आणि सांगलीजवळ कृष्णेत मगरी माणसांच्या वस्तीलगत राहतात, त्यांना हलवणे हे वन विभागाच्या पथकानेच करायचे काम आहे.

हा विषय आज तातडीचा आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासात मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला आणि २०२४ मध्ये भारत सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. या आकड्यांतल्या बहुतेक लोकांना साप चावला तो शेतात, अंधारात, अनवाणी असताना, साप पकडताना नव्हे. तरीही गावात साप निघाला आणि त्याला नीट हलवणारा माणूस आला, तर काठी घेऊन धावणारी गर्दी मागे हटते आणि अशा गर्दीतच अनेक दंश होत असतात. त्या माणसाच्या हातात काय आहे याला म्हणून महत्त्व येते. दुसरीकडे शहरे टेकड्यांवर आणि भातखाचरांत पसरली, उंदीर वाढले, साप घरात येऊ लागले आणि स्वस्त चिमटे घरपोच मिळू लागले. सोबत मोबाइलवरचे व्हिडिओ आहेत, ज्यांत साप हवेत नाचवणाऱ्याला सर्वाधिक दाद मिळते. त्या व्हिडिओंना उत्तर द्यायचे तर उपदेश पुरत नाही. चांगले साधन आणि ते कसे वापरायचे हे दाखवावे लागते.

घरी साधन बनवण्याचा आग्रह धरण्यामागे पैशाची बचत हे दुय्यम कारण आहे. ज्याने हूकचे टोक कापसाने तपासले आहे, पिशवीचा कोपरा स्वतः शिवला आहे, चिमट्याने केळे दाबून पाहिले आहे, त्याला सापाच्या शरीराची जाणीव हातातून झालेली असते. असा माणूस साप ओढत नाही. तो स्वतःच्या साधनाच्या मर्यादाही ओळखतो आणि आपला हूक ज्या सापासाठी नाही त्या सापासमोर थांबतो, मदत बोलावतो. विकतच्या वस्तूने ही ओळख मिळत नाही, निदान इतक्या लवकर तरी नाही. म्हणूनच पुस्तकात आकृत्या आणि मापांच्या बरोबरीने प्रत्येक मापामागचे कारण दिले आहे. कारण समजले की माप बदलता येते. विदर्भात काम करणाऱ्याला घोणस आणि मण्यार भेटेल, सिंधुदुर्गात चापडा आणि फुरसे. दोघांच्या पिशवीत एकच हूक असण्याचे कारण नाही. सामान निवडतानाही तालुक्याच्या गावात मिळेल तेवढ्यावरच भर आहे : हार्डवेअरच्या दुकानातला गज, प्लंबरकडचा पाइप, सायकलच्या दुकानातली वायर, कापडाच्या दुकानातला मांजरपाट. लेथची गरज कुठेही पडत नाही, वेल्डिंग लागलेच तर एखाद-दुसऱ्या ठिकाणी.

पुस्तकाने जाणीवपूर्वक काही गोष्टी बाहेर ठेवल्या आहेत. साप पाळण्याची साधने त्यात नाहीत, कारण भारतीय साप पाळणे गुन्हा आहे. विष काढण्याची साधने नाहीत, ते काम परवाना असलेल्या संस्थांचे आहे. प्रदर्शनासाठीचे काहीही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकार या शब्दात प्राणी पकडणेही येते. २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित प्राण्यांच्या याद्या नव्याने मांडल्या आहेत. साधन घरी बनवायला परवानगी लागत नाही, पण ते सापाजवळ नेण्यासाठी वन विभागाची परवानगी आणि जाणत्या माणसाच्या हाताखालचे प्रशिक्षण दोन्ही लागतात. पुस्तक वाचून कोणी सर्पमित्र होत नाही. नव्या साधनाचा सराव आधी दोरीवर, मग वाळू भरलेल्या कापडी नळीवर आणि त्यानंतरच प्रशिक्षकासमोर बिनविषारी सापावर करायचा आहे.

एवढे करूनही दंश होऊ शकतो. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनवलेले आहे. चापड्याच्या दंशावर ते उपयोगी पडत नाही. कार्यशाळेत पहिला गज कापण्याआधी वाचकाने दोन गोष्टी करून ठेवाव्यात. आपल्या भागात प्रतिविष आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेले रुग्णालय कोणते, याची प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी. आणि महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये जतन करावा.